बंब येण्याआधीची आग

मार्च अर्धा सरला की गडचिरोलीहून चंद्रपूरकडे येणाऱ्या संध्याकाळच्या एस.टी.त खिडकीजवळची जागा मिळावी, असे मला या वयातही वाटते. वैनगंगेचा पूल ओलांडला, व्याहाड गेले, सावली गेली, मूल मागे पडले, की जंगल सुरू होते. अंधार पडला असेल तर दूर कुठेतरी वणव्याची तांबडी, नागमोडी रेघ सरकताना दिसते. ती दिसायला सुंदर असते, हे कबूल करताना लाज वाटते; पण असते खरी.

यंदा सोबत भाची होती. अकरावीत शिकते. ती रेघ बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने विचारले, "मामा, अणुभट्टीला आग लागली तर ती कशी विझवतात? पाणी मारतात का?" मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक गृहस्थ ठामपणे म्हणाले, "तिथे पाणी चालत नाही. वरून वाळू टाकावी लागते." प्रश्न मिटला. भाचीचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही, कारण त्या गृहस्थांचे उत्तर एका भट्टीपुरते थोडे खरे होते आणि बाकीच्या बहुतेक भट्ट्यांबाबत चूक होते. घरी आल्यावर जुनी कात्रणे आणि पुस्तके काढून बसलो. त्यातून जे हाती लागले, ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

पहिली अडचण आपल्या शब्दानेच केलेली आहे. मराठीत आपण 'अणुभट्टी' म्हणतो. भट्टी म्हटले की विटांची भट्टी आठवते, चुन्याची आठवते, आमच्या भागात तर आणखी एक भट्टी आठवते, तिचे नाव रविवारच्या पुरवणीत घेत नाही. भट्टी म्हणजे आग, हे समीकरण मनात पक्के बसलेले. प्रत्यक्षात अणुभट्टी नीट चालू असते तेव्हा तिच्यात काहीही जळत नसते. जळायला प्राणवायू लागतो. अणुकेंद्र फुटायला तो लागत नाही. आपल्या देशातल्या बहुतेक भट्ट्यांत इंधन म्हणून युरेनियमचे ऑक्साइड असते. त्याच्या भाजलेल्या मातीच्या भांड्यासारख्या टणक गोळ्या असतात. त्या पेट घेत नाहीत. भोवती पाणी किंवा जड पाणी असते. तेही पेट घेत नाही. मग अणुवीज केंद्रात आग लागते ती कशाला? तर तेलाला, हायड्रोजन वायूला आणि केबलींना. म्हणजे आमच्या ऊर्जानगरच्या औष्णिक केंद्रात ज्यांची भीती बाळगतात, त्यांनाच. भट्टीत तयार झालेली वाफ एकदा टर्बाइनकडे निघाली की ती कोळशावर झालेली की युरेनियमवर, हे टर्बाइनला कळत नाही. तीच पाती, तेच वंगणतेल, आणि मोठ्या जनित्रांना थंड ठेवण्यासाठी तोच हायड्रोजन.

याची भारतातली सर्वांत मोठी शिकवण नरोऱ्याची आहे. उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात गंगेच्या काठी नरोरा अणुवीज केंद्र आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास पहिल्या क्रमांकाच्या संचात टर्बाइनची दोन पाती तुटली. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या यंत्राची दोन पाती तुटली की काय होते, याची कल्पना करा. सगळा सांगाडा थरथरला. त्या हादऱ्यांनी जनित्रातला हायड्रोजन अडवून धरणारी बंदोबस्ताची जागा निकामी झाली, वायू बाहेर आला आणि पेटला. तेलाच्या नळ्या फुटल्या, तेल पेटले. आग केबलींपर्यंत पोचली आणि केबलींच्या वाटेने, सुतळीवरून चढावी तशी, पुढे सरकत गेली.

इथपर्यंतची हकीकत कुठल्याही वीज केंद्रात घडू शकली असती. फरक पडतो तो यापुढे. कामगारांनी भट्टी तत्काळ बंद केली, पण त्या केबलींत भट्टीच्या सुरक्षाव्यवस्थेला वीज पुरवणाऱ्या केबलीही होत्या. एक ओळ जळली तर दुसरी असावी म्हणून ज्या दोन ओळी ठेवायच्या, त्या एकाच वाटेने नेलेल्या होत्या आणि मध्ये आग अडवणारा आडपडदा नव्हता. दोन्ही जळाल्या. बाहेरची वीज होती, डिझेलची जनित्रे होती, बॅटऱ्या होत्या. पण वीज पंपापर्यंत न्यायला तार उरली नव्हती. धूर नियंत्रण कक्षात शिरला आणि कर्मचाऱ्यांना तो सोडावा लागला. पुढचे सतरा तास ते केंद्र विजेवाचून होते. वीज तयार करणारे केंद्र, आणि त्यात हातातल्या टॉर्चवर माणसे फिरत होती!

आणि वीज नसली म्हणून भट्टी थांबून राहत नाही, हीच तर खरी गोम आहे. आमच्याकडे चुलीतली लाकडे बाहेर ओढली की स्वयंपाक झाला असे म्हणतात. निखाऱ्यांची धग राहते, पण तिच्यावर पाण्याचा एक शिंतोडा पुरतो. अणुभट्टीची धग तशी विझवता येत नाही. अणुकेंद्रे फुटणे थांबवले तरी फुटलेल्या तुकड्यांची किरणोत्सारी झीज चालूच राहते आणि तिच्यातून उष्णता येत राहते. बंद केल्या क्षणी ती मूळ उष्णतेच्या साधारण सहा-सात टक्के असते. टक्के ऐकायला थोडे वाटतात. नरोऱ्याच्या एका भट्टीची उष्णता सुमारे साडेसातशे मेगावॉट धरली, तर बंद केल्याबरोबरचे सहा टक्के म्हणजे पंचेचाळीस मेगावॉट झाले. तासाभरात ती दीड टक्क्याच्या आसपास येते, दिवसभरात अर्ध्या टक्क्यावर. पण शून्य होत नाही. जगातला कुठलाही बंब ती विझवू शकत नाही. ती फक्त वाहून नेता येते. पाणी फिरत ठेवायचे, तेही दिवसचे दिवस.

त्या पहाटे नरोऱ्याच्या माणसांनी जे केले, ते शाळेच्या पुस्तकात यायला हवे असे माझे मत आहे. एकीकडे अग्निशमन दल टर्बाइनच्या इमारतीत झुंजत होते. मुख्य आग दीडेक तासात आटोक्यात आली. दुसरीकडे काही जण टॉर्च घेऊन, अंधारात, भट्टीच्या इमारतीत वर चढून गेले आणि त्यांनी हाताने झडपा उघडून बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडले. बोरॉन न्यूट्रॉन गिळते, त्यामुळे थंड होताना भट्टी पुन्हा आपोआप चालू होण्याची शक्यता राहत नाही. हे द्रावण उंचावरून आपल्या वजनाने खाली येईल अशीच रचना होती, त्याला वीज लागत नव्हती. ज्याने कोणी कागदावर ती रचना केली असेल, त्याचे उपकार. मग राहिली धग. ती वाहून न्यायला पाणी हवे, पाण्याला पंप हवा, पंपाला वीज हवी. आणि वीज तर नाही. पण आग विझवण्याचे पंप डिझेलवर चालणारे होते. ते चालू केले आणि आगीसाठी राखलेले पाणी वाफ तयार करणाऱ्या पात्रांत सोडले. बंबाचे पाणी आगीवर मारण्याऐवजी भट्टीची धग नेण्याच्या कामी आले. इंधन शाबूत राहिले, किरणोत्सार बाहेर पडला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना तिसऱ्या पायरीवर नोंदली गेली. पुढे १८ वर्षांनी, मार्च २०११ मध्ये, जपानमध्ये फुकुशिमाला त्सुनामीने वीज गेली तेव्हा तिथेही शेवटी बंबगाड्याच भट्टीत पाणी सोडायला धावल्या. त्या आधीच उशीर झालेला होता. तापलेल्या इंधनाच्या धातूच्या आवरणाने वाफेतून हायड्रोजन सोडला आणि त्याने इमारतींची छपरे उडवली.

आता नरोऱ्याची दुसरी बाजू. ती पाती तशी तुटू शकतात, ही गोष्ट अगोदर कळलेली होती. अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी नंतर जाहीरपणे लिहिले की, मूळ आराखडा देणाऱ्या परदेशी कंपनीने १९८९ मध्येच त्या पात्यांतला दोष कळवला होता, आणि तरीही पाती वेळेत बदलली गेली नाहीत. पहाटे जिवावर उदार होऊन वर चढणारी माणसे आपल्याकडे मिळतात. दुपारी, शांतपणे, टेबलावर आलेले पत्र वाचून पाती बदलणारी माणसे मिळायला वेळ लागतो. नरोऱ्यानंतर देशभरच्या केंद्रांत पाती बदलली, केबली वेगळ्या वाटांनी नेल्या, आगीचे आडपडदे घातले. म्हणजे करता येत होते.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण आपण सरकारी कारभाराला लावतो. पण सोमेश्वरीचा बंब नुसता अंतराने लांब नसतो. कधी कधी तो मनानेही लांब असतो. अमेरिकेत अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी नावाचे केंद्र आहे. २२ मार्च १९७५ रोजी तिथे दोन कामगार, केबली ज्या भोकांतून भिंतीपार जातात तिथून हवा गळते का हे तपासत होते. कशाने? पेटत्या मेणबत्तीने! ज्योत हलली की गळती आहे. भोकात भरलेला फेसाळ बोळा पेट घेणारा होता. ज्योत आत ओढली गेली आणि तो पेटला. सुमारे सोळाशे केबली जळाल्या. आग सात तास चालली, आणि ती इतकी लांबली याचे एक कारण असे, की विजेच्या आगीवर पाणी मारायचे नाही हा नियम सगळ्यांच्या डोक्यात पक्का होता. गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख पाणी मारा म्हणत होता. तास उलटले तरी केंद्राचे अधिकारी तयार होईनात. अखेर पाणी मारले तेव्हा आग थोड्याच वेळात विझली. आमच्या बसमधल्या गृहस्थांची आठवण मला इथे झाली. 'तिथे पाणी चालत नाही' हे वाक्य जितक्या खात्रीने म्हटले जाते, तितके ते महाग पडते.

मग वाळू कुठली? ती चेर्नोबिलची. काही जुन्या भट्ट्यांत ग्रॅफाइट वापरत, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाचा तो प्रकार, म्हणजे शेवटी कार्बनच. कोळशाच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागू नये. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घूस, माजरी या पट्ट्यात कोळशाचा ढीग आपोआप धुमसताना कोणी पाहिला नाही? कोळसा हवेतला प्राणवायू हळूहळू घेतो, तापतो, ती उष्णता ढिगाच्या पोटात कोंडते आणि एक दिवस धूर येऊ लागतो. नुसते वरून पाणी मारून भागत नाही. ढीग दाबून, पसरून, पोटातली हवा काढावी लागते. तापलेल्या कोळशावर पाणी पडले तर त्यातून जळणारे वायू निघतात, हेही खाणीतल्या माणसाला ठाऊक असते.

ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडात विंडस्केलच्या भट्टीपुढे हाच पेच उभा राहिला. तिथे ग्रॅफाइट होते, युरेनियम धातूच्या रूपात होते आणि थंड करायला पाणी नव्हे तर पंख्यांनी सोडलेली हवा होती. १० तारखेला लक्षात आले की आतले इंधन पेटले आहे. थंड करायला हवा वाढवावी तर आग फुलते. कार्बन डायऑक्साइड सोडून पाहिला, उपयोग झाला नाही. पाणी सोडावे तर हायड्रोजनचा स्फोट होण्याची धास्ती. टॉम टूही नावाचा अधिकारी वारंवार भट्टीच्या माथ्यावर चढून झरोक्यातून आत डोकावत होता आणि ज्वाळांचा रंग पाहून अंदाज घेत होता. ११ तारखेच्या सकाळी पाणी सोडले. नुसत्या पाण्याने आग हटेना. मग पंखे बंद करून हवा तोडली, तेव्हा ती गुदमरून मेली. त्या चिमणीच्या टोकाला जॉन कॉकक्रॉफ्ट या शास्त्रज्ञाने हट्टाने गाळण्या बसवायला लावल्या होत्या. लोक त्यांना 'कॉकक्रॉफ्टचा वेडेपणा' म्हणून हसत. त्या वेडेपणाने बराच किरणोत्सार अडवला. तरीही किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडले, गाईंच्या दुधात उतरले आणि सुमारे पाचशे चौरस किलोमीटर टापूतले दूध फेकून द्यावे लागले.

चेर्नोबिलची कथा अनेकांना माहीत आहे, म्हणून ती लांबवत नाही. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री एक वाजून तेवीस मिनिटांनी भट्टीचा स्फोट झाला, आणि तापलेल्या ग्रॅफाइटचे तुकडे डांबराच्या छपरांवर पडून ती पेटली. अग्निशमन दलाचे जवान नेहमीच्या पोशाखात वर चढले. आपण कशावर पाय ठेवतो आहोत, हे मोजणारे पुरेसे साधन त्यांच्याजवळ नव्हते. पहाटे पाचच्या सुमारास त्यांनी छपरांवरची आग विझवली आणि शेजारची तिसरी भट्टी वाचवली. त्या रात्री केंद्रावर किरणोत्साराचा जबर मारा बसलेल्यांपैकी अठ्ठावीस जण पुढच्या काही महिन्यांत गेले; त्यांत सहा अग्निशामक जवान होते. उघड्या पडलेल्या भट्टीवर हेलिकॉप्टरांतून सुमारे पाच हजार टन वाळू, चिकणमाती, शिसे, बोरॉन असे बरेच काही टाकले. ती आमच्या गृहस्थांची वाळू. तिचा बराचसा भाग हव्या त्या जागी पडलाच नव्हता, असे पुढे आढळले.

सोडियमच्या भट्ट्यांचे शास्त्र आणखी वेगळे. कल्पाक्कमला ज्या जातीची भट्टी उभारली आहे तिच्यात वितळलेला सोडियम धातू फिरतो. तो हवेत पेटतो आणि पाण्याशी तर भांडतोच. तिथे मात्र पाणी खरोखर चालत नाही. कोरडी पूड आणि नायट्रोजन लागतो. जपानमध्ये मोंजू इथे ८ डिसेंबर १९९५ रोजी अशी सोडियमची आग लागली. माणसांना इजा झाली नाही. पण चित्रफितीतले नको ते भाग कापून ती लोकांना दाखवली गेली, हे उघड झाले आणि त्या केंद्रावरचा लोकांचा विश्वास जळाला तो जळालाच.

हे सगळे वाचत असताना माझे मन पुन्हा पुन्हा जंगलाकडे येत होते. आमच्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून खुटकटाई करतात आणि आगही लावतात. ती हातची सुटते. तिला तोंड देणारा माणूस म्हणजे अंगारी. हंगामापुरता मजुरीवर घेतलेला, हिरव्या फांद्यांनी आग झोडपणारा. आता काही ठिकाणी पाठीवर पाला उडवणारे यंत्र असते. पण अंगारी येण्याआधी वणवा जिथे थांबतो, ती जागा म्हणजे जाळरेषा. हिवाळ्याच्या अखेरीस पट्टा साफ करून, पाला आधीच जाळून ठेवलेला. वणवा तिथवर येतो आणि त्याला पुढे खायला काही मिळत नाही. दोन केबलींच्या मधला आडपडदा म्हणजे दुसरे काय? नरोऱ्याला जाळरेषा नव्हती. विझल्यासारखे दिसणारे सागाचे खोड आतून दिवसचे दिवस धुमसते, म्हणून अनुभवी अंगारी दुसऱ्या दिवशीही फेरी मारतो. भट्टीच्या धगीपाशीही असाच पहारा लागतो.

जाळरेषेपलीकडेही एक उपाय असतो. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेला वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूचे उत्पन्न सुरू झाले. तेंदूपानांतून चार पैसे मिळत असूनही ग्रामसभेने ठरवले की तेंदू तोडायचा नाही, कारण त्यासाठी छाटणी करावी लागते, आगी लावाव्या लागतात. डोक्यावर बसलेल्या कुठल्या अधिकाऱ्याने हे ठरवले नाही. ज्यांना धूर खावा लागतो आणि ज्यांचे उत्पन्न बुडते, त्या दोघांची घरे एकच होती, म्हणून ठरले.

मोठ्या उद्योगांत नेमके हेच नसते. धूर एकाच्या घरी, हिशेब दुसऱ्याच्या. २०४७ पर्यंत शंभर गिगावॉट अणुवीज, असे उद्दिष्ट २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाले आहे. कोळशाची जुनी केंद्रे बंद होतील तिथे लहान अणुभट्ट्या बसवण्याच्या कल्पनेचीही चर्चा होते. २९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उशाशी घेऊन झोपणाऱ्या चंद्रपूरकराने ही चर्चा कान देऊन ऐकायला हवी. आमचे नाव कुठल्या यादीत आहे असे मी म्हणत नाही. अणुवीज नकोच, असेही म्हणत नाही. कोळशाच्या राखेत वाढलेल्या माणसाने तसे म्हणण्याआधी दहादा विचार करावा. पण विचारायचे प्रश्न मात्र आपण चुकीचे विचारतो. सभेत कोणी उठतो आणि 'बॉम्बसारखा स्फोट होईल का?' असे विचारतो. तज्ज्ञ हसून 'नाही' म्हणतात, ते खरेच असते, आणि सभा संपते. त्याऐवजी विचारावे: केबलींच्या दोन ओळी वेगवेगळ्या खोल्यांतून जातात का? भिंतीतल्या भोकांत काय भरले आहे? रात्रपाळीत आगीचा सराव शेवटचा कधी झाला? वीज नसताना चालणारे पंप किती? यंत्र बनवणाऱ्याचे दोषाचे पत्र आले तर ते किती दिवसांत कोणाच्या टेबलावरून पुढे जाते, आणि ते आम्हाला वाचायला मिळेल का? नगरपालिकेच्या बंबावरच्या मुलाला किरणोत्सार मोजायचे यंत्र कधी हातात दिले आहे का? देशभरच्या अग्निशमन अधिकाऱ्यांना घडवणारे राष्ट्रीय महाविद्यालय १९५७ पासून आपल्या नागपुरात आहे. विंडस्केल पेटले त्याच वर्षापासून. तिथून आमच्या तालुक्याच्या बंबापर्यंत ते शिक्षण किती झिरपते?

आणि हे प्रश्न फक्त अणुकेंद्राला विचारायचे, असेही नाही. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. तिथे युरेनियम नव्हते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच बोटीत भरलेला होता. ती आग विझवताना सहासष्ट अग्निशामक जवान गेले. दरवर्षी त्या दिवसापासून आपण अग्निशमन सप्ताह पाळतो, शाळांत चित्रकलेच्या स्पर्धा घेतो, लाल बंबाची चित्रे काढून घेतो. चित्रांत बंब नेहमी आगीजवळ पोचलेला असतो.

भाचीला हे सगळे फोनवर टप्प्याटप्प्याने सांगितले. तिला मेणबत्तीची गोष्ट सर्वांत आवडली. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या कॉलेजातल्या जिन्याखालचे लाल नळकांडे शोधून काढले, त्याच्यावरची भरणीची तारीख वाचली आणि वहीत लिहून घेतली. कोणती तारीख, ते मी दोनदा विचारले. प्राचार्यांना सांगितल्यावर मगच तुला सांगेन, म्हणते.